जांभ्याचा मधला दगड

१३ डिसेंबर, शनिवार

आलो एकदाचे. खलिफा सिटीहून निघताना वेदांगने गाडीत इतकं सामान कोंबलं की बघणाऱ्याला वाटावं मी इकडे संसार थाटायला निघालेय. मुक्काम जेमतेम महिन्याचा, पण कुकर हवा, पोहे हवेत, मेतकूट हवं, अस्मीची सायकल हवी. माझे मोजायचे टेप आणि ट्रायपॉड शेवटी माझ्याच मांडीवर. रास अल खैमा मागे पडलं, डोंगर सुरू झाले, तशी मी एसी बंद करून काच खाली केली. आठ वर्षं अबुधाबीत राहून डोंगर म्हणजे काय हेच विसरायला झालं होतं. या डोंगरांवर औषधालाही हिरवं नाही, नुसता राखाडी दगड, पण उभे आहेत मोठ्या ऐटीत.

काम असं आहे. इथल्या एका सोडून दिलेल्या गावाचं जुनं कबरस्तान आहे. मागे तो मोठा पाऊस झाला तेव्हा वादीला, म्हणजे एरवी कोरड्या ठणठणीत पडलेल्या ओढ्याला, पूर आला आणि त्याने कबरस्तानाचा खालचा काठ कुरतडून नेला. आता तिथे भिंत घालायचीय. त्याआधी एकूण एक कबर मोजून कागदावर आणायची, एकही दगड न हलवता. ते मी करायचं. फहद या कामाचा प्रमुख, आणि हे गाव त्याच्या आजोबांचं. त्याचा फोन आला तेव्हा मी कुठल्याशा मॉलच्या बाथरूमच्या टाइल्सचं ड्रॉइंग करत होते. पुढचं काही न विचारता हो म्हणून टाकलं.

राहायला फहदच्या आजीच्या अंगणातल्या दोन खोल्या मिळाल्यात. हाफिजाबाई. जुन्या गावाच्या पायथ्याशी सरकारने जी नवी घरं बांधून दिली त्यातलं हे एक. बाई ऐंशीच्या घरातल्या असतील आणि माझ्यापेक्षा सफाईने हिंदी बोलतात. वडील गलबतावर होते, मुंबईची वारी दर वर्षाची, त्यामुळे घरात हिंदी होतीच म्हणाल्या. मला आल्या आल्या बेटी करून टाकलं आणि अस्मीच्या दोन्ही हातांत खजूर कोंबले. अस्मीने ते गुपचूप बापाच्या खिशात सरकवले. तिला शाळेची सुट्टी आहे म्हणून ती माझ्याबरोबर, वेदांग शनिवार-रविवारी येऊन जाईल. संध्याकाळी तो परत निघाला तेव्हा मला अगदी सुट्टीवर आल्यासारखं वाटत होतं.

१५ डिसेंबर, सोमवार

काय सुंदर जागा आहे. कबरस्तानाला सुंदर म्हणू नये, पण आहे त्याला काय करणार.

गावाने पिकाऊ जमिनीचा तुकडाही मेलेल्यांना दिलेला नाही. वरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत जिवंतांसाठी गहू, आणि खाली उतारावरच्या खडकाळ तुकड्यात कबरी. सगळ्या एकाच दिशेने आखलेल्या, कारण माणसाला उजव्या कुशीवर, तोंड मक्केकडे करून निजवतात. प्रत्येक कबरीभोवती दगडांची कड, आत वादीतले पांढरे गोटे भरलेले. उंची घोट्याच्या वर नाही. नाव नाही, साल नाही, अक्षर म्हणून नाही. फक्त उभे दगड. डोक्याशी एक आणि पायाशी एक, तर पुरुष. मध्ये आणखी एक असेल, तर बाई. फहदने हे सांगितल्यापासून मी चालता चालता आपोआप ओळखायला लागलेय, बाबा, बाबा, बाई, बाबा, बाई.

राहून राहून स्कॉटलंड आठवतं. तिथे शिकत असताना मी एका खेड्यातल्या चर्चमागचं कबरस्तान मोजलं होतं. तिथला दगड न् दगड बडबड्या. नाव, गाव, कुणाची सून, शिंप्याच्या दगडावर कात्री, वर कवटी, शेजारी वाळूचं घड्याळ, आणि वाचणाऱ्याला दम, की तूही इथेच यायचा आहेस. दाराशी राखणीची एक छोटी दगडी खोली होती, आत चूल. तिकडे पूर्वी ताजी प्रेतं चोरून वैद्यकीच्या शाळांना विकायचे, म्हणून घरची माणसं आळीपाळीने तिथे बसून कबरी राखायची. इथे राखण नाही, दार नाही. आपल्या कोकणात असतो तसा गुडघाभर दगडी गडगा आहे फक्त. मला हे गप्प कबरस्तान जास्त आवडलं.

एक गंमत सापडली. मधल्या ओळीत एका बाईची कबर आहे, तिचा मधला दगड जांभ्याचा आहे. तांबडा, भोकाभोकांचा, चक्क जांभा. या डोंगरात सगळा चुनखडीचा राखाडी दगड, इथे जांभा येईलच कुठून? माझं आजोळ गुहागरकडचं, जांभा ओळखायला मला प्रयोगशाळा नको. किती वेळ त्याच्यासमोर उकिडवी बसून राहिले. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

निघताना सवयीने येते हं म्हणून गेले. मी दुकानातून, बँकेतून, लिफ्टमधूनही तसंच निघते. अस्मी गडग्यावर उभी राहून कबरींना बाय-बाय करत होती. मी तिला दटावलं, बाय नाही, येते म्हणावं. तिचं नेहमीचं सुरू, बट आय अ‍ॅम गोइंग, मम्मा, नॉट कमिंग. मी सांगितलं की आपल्यात जाते कधी म्हणत नाहीत, ते अशुभ असतं, निघतानाही येतेच म्हणायचं, आणि म्हटल्याशिवाय आज आयपॅड नाही. मग कार्टीने हात पसरून, दरीभर ऐकू जाईल असं येते, येते, येते करून घेतलं.

१७ डिसेंबर, बुधवार

फहदला जांभ्याचं विचारलं. तो म्हणाला, त्यात नवल नाही, किनाऱ्यावरची गलबतं खजूर घेऊन मुंबईला आणि कोकणातल्या बंदरांना जायची, येताना साग, तांदूळ, कौलं आणायची, एखादा दगडही आला असेल. जुन्या मशिदीच्या छताचे वासेही सागाचे आहेत, ते मी पाहिलेच होते. कबर कुणाची ते त्याला ठाऊक नाही. आजीला विचारा म्हणाला. आजीला विचारलं तर त्यांनी कॉफी ओतली आणि पोरीला दुपारची वर नेत जाऊ नकोस, ऊन लागतं, एवढंच म्हणाल्या. डिसेंबरातलं ऊन ते काय लागणार, पण मी मान डोलावली.

आज दुसरीच मोठी बातमी आहे. अस्मीने मला आई म्हणून हाक मारली. आणि पाणी मागितलं, मराठीत. आमच्या घरात मी सात वर्षं मराठीत बोलतेय आणि ही सात वर्षं इंग्लिशमध्ये उत्तरं देतेय. मी इतकी हरखले की तिथल्या तिथे वेदांगला फोन लावला. तो म्हणाला, मैत्रिणी नाहीत, कार्टून नाही, बोलणार तरी कुणाशी, म्हणून आली असेल वळणावर. असेल. मी तिला बक्षीस म्हणून आयपॅड दिला, तर तिने तो बाजूला ठेवला.

२० डिसेंबर, शनिवार

वेदांग आलाय. लेकीची मराठी ऐकून गारच पडला. पूर्ण वाक्यं बोलते, व्याकरण बिनचूक, वर थोडा हेल. हेल कुठला म्हणावा, पुण्याचा तर नक्कीच नाही. जेवायला बसल्यावर तिने पास्ता ढकलला आणि पेज मागितली. मी जन्मात घरी पेज केलेली नाही. तुला कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, आयेनं. आयेनं नाही गं, आईनं, म्हणून मी सुधारलं आणि आम्ही दोघं हसलो. पेज केली. वाडगा चाटूनपुसून संपवला पोरीने.

संध्याकाळ व्हायच्या आत त्याला साइट दाखवायला नेलं. तो दोन फोटो काढून गाडी वळवायला खाली गेला. मी टेप गुंडाळला, पिशवी उचलली, येते हं म्हटलं.

मागून कुणीतरी ये म्हणालं.

अगदी घरातलं ये. आपण पाहुण्याला दारातून म्हणतो ना, बरं, ये हं, तसं. मला वाटलं वेदांगच चेष्टा करतोय. पण त्याची गाडी खाली वळणावर दिसत होती आणि तो त्या गाडीत होता. अस्मीला विचारलं, तूच ना गं ते. ती म्हणाली, मी नाही, ती म्हणाली, आणि जांभ्याच्या दगडाकडे हनुवटी केली.

वेदांगला सांगितलं नाही. दरीत आवाज कसाही फिरतो, माझाच परत आला असेल.

२३ डिसेंबर, मंगळवार

डोकं फिरलंय माझं. जांभ्याच्या कबरीला लागून डावीकडे मोकळी जागा होती. होतीच. मी ती ओळ दोनदा मोजलीय, ड्रॉइंगमध्ये ती जागा कोरी आहे, आणि आज तिथे पांढऱ्या गोट्यांची कड आखलेली आणि पायाशी एक दगड उभा. एकही दगड हलवायचा नाही हे मी पहिल्या दिवसापासून बजावतेय, आणि भिंतीवाल्या मजुरांनी येऊन स्वतःचा शहाणपणा केला. फहदला फोन करून चांगलं झापलं. तो बिचारा ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, मॅडम, मजूर अजून आलेलेच नाहीत, जानेवारीत येतील, इन्शाल्ला.

कुणा गावकऱ्याने केलं असेल. शेळ्यांनी तर कड आखली नसेल.

अस्मी दिवसभर गडग्यावर पाठमोरी बसून होती. सायकलला हात नाही. काय करतेस विचारलं तर म्हणाली, गप्पा.

२५ डिसेंबर, गुरुवार

आज हाफिजाबाईंनी मला आत बोलावून दार लोटून घेतलं. अस्मी त्यांच्या अंगणात शेळीच्या पिल्लाशी बोलत होती. ही कुठली बोली म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं मराठी, आमची. त्या म्हणाल्या, अशी बोली त्यांच्या आजीने ऐकलेली होती, तिच्या नकला करून दाखवायची.

मग सगळं सांगितलं. आजीच्या लहानपणी गावातल्या एकाने कोकणातली बायको करून आणली. तिचा बाप आणि भाऊ तिला पोचवायला गलबतावरून आले होते. भाऊ बरोबर घरच्या जोत्याचा एक दगड घेऊन आला, बहिणीला माहेरची खूण म्हणून. परत निघताना दोघं तिला काहीतरी म्हणाले, आणि पुन्हा कधी आले नाहीत. गलबत बुडालं असं लोक म्हणायचे, तिला ते पटलं नाही. रोज दुपारी ती उताराच्या काठावर जाऊन उभी राहायची, तिथून किनाऱ्याकडची वाट दिसते. मूलबाळ झालं नाही. अरबी शिकली नाही. म्हातारी होईपर्यंत उभी राहिली. मेली तेव्हा तो दगड तिच्या कबरीवर मधोमध लावला.

बापभाऊ काय म्हणाले असतील ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. येतो म्हणाले असतील. आपण दुसरं काय म्हणतो?

मग त्यांनी विचारलं, तू तिथून निघताना काय बोलतेस? मी येते म्हणाले, आणि त्याचं हिंदी करून सांगितलं. बाई म्हणाल्या, आम्हीही कबरस्तानात गेलो की मेलेल्यांना सलाम करून सांगतो, आम्हीही तुमच्याकडे येणार आहोत. पण त्यात इन्शाल्ला असतं, बेटी. शब्द देवाच्या हाती राहतो, आपल्या मानेवर नाही. तू कोरा शब्द दिलास. आणि पोरीकडूनही देववलास.

मी हसले. खोलीत येऊन पिशवी ठेवली आणि मग आठवलं. स्मशानातून निघताना येतो म्हणत नाहीत. ज्या घरी कुणी गेलंय त्या घरून उठतानाही म्हणत नाहीत, नुसतं उठून चालू पडतात. आईने हे माझ्या डोक्यात घासून घासून बसवलं होतं, शेजारी कुणी गेलं की जाताना आधी मला चिमटा काढायची, निघताना तोंड मिटून निघ म्हणून. मी कशी विसरले? कारण डायरीत कबरस्तान लिहिलं तरी बोलताना मी त्या जागेला एकदाही कबरस्तान म्हटलं नव्हतं. साइट म्हणत होते. साइटला जाऊन येते, साइटवरून आले.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. उद्यापासून अस्मीला वर न्यायचं नाही, एवढं मात्र ठरवलंय.

२७ डिसेंबर, शनिवार

काल एकटी गेले होते. डोक्याशीही दगड उभा होता. तोंडातून अवाक्षर न काढता निघाले.

आज सकाळी दाट धुकं. अस्मी अंथरुणात नाही. मी अनवाणी वर पळाले. गडग्याच्या आत होती, जांभ्याच्या दगडाला पाठ टेकून, पाय पसरून, कुणी वेणी घालून देत असावं तशी मान थोडी मागे. तिला उचललं तेव्हा पाहिलं. नव्या जागेत मधला दगडही लागला होता.

तीन दगड. म्हणजे बाई. मला वाटलं माझ्यासाठी. खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं, की चला, माझ्यावर आहे ना, बघता येईल. मग नजर पायाशी गेली. मी माप काढणारी बाई आहे, मला टेप लागत नाही. त्या जागेत मी मावत नाही. घरच्या दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला अस्मीच्या उंचीची रेघ मारतो आम्ही, यंदाची रेघ जिथे आहे तेवढीच ती जागा.

खाली आणताना ती माझ्या कडेवर अवघडून बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, मला खाली ठेवा ना, काकी.

२८ डिसेंबर, रविवार

काल वेदांग पोचला तशी बॅग उचलली आणि निघालो. काम गेलं खड्ड्यात. फहदला मेसेज केला, खलास, दुसरं कुणी बघ.

गाडीत तिने आपण कुठे चाललोय विचारलं. घरी म्हटलं. मग ती मागे वळून डोंगरांकडे बघत राहिली, दिसेनासे होईपर्यंत. खलिफा सिटीत दार उघडलं तर ही बाहेर चपला काढून उंबऱ्याबाहेर उभी. कुणीतरी आत या म्हणेपर्यंत पाहुणे उभे राहतात तशी. मी आत ये म्हटलं. मग आली.

३० डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी सगळं तपासलं. काही नाही. ताप नाही, डोक्याला मार नाही. घाबरली असेल, जागा बदलली म्हणाले. त्यांनी इंग्लिशमध्ये नाव विचारलं. तिला प्रश्न कळला नाही. इंग्लिश गेलंय. माझ्या पोरीचं इंग्लिश. मी किती डाफरले असेन त्या इंग्लिशवरून.

दुपार झाली की गॅलरीत जाऊन उभी राहते. कठडा धरून, डोंगरांच्या दिशेने. इथून डोंगर दिसत नाहीत, समोर विला आणि पार्किंग. हलत नाही. उचलून आत आणलं की रडत नाही, ओरडत नाही, पुन्हा जाऊन उभी राहते.

वेदांग बाथरूममध्ये नळ सोडून रडतो.

आज तिला न्हाऊ घालत होते. केस पुसताना माझ्याकडे वर बघून तिने विचारलं, काकी, तुम्हांला मुलं नाहीत का?

३१ डिसेंबर, बुधवार

जेवत नाही. पेजही नको. आये वाट बघतेय, जेवायला थांबली असेल, एवढंच म्हणते.

वेदांग मनाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला बघतोय. घेऊ दे. मी तिच्याजवळ बसून तिला तिचेच फोटो दाखवले. ही कोण, ही कोण. तिने अदबीने सगळे बघितले आणि म्हणाली, तुमची का? छान आहे पोर.

हाफिजाबाईंना फोन केला. पोरीला आणायचं का परत, माफी मागायला? त्या जवळजवळ ओरडल्या, तिला आणू नको. मग म्हणाल्या, तूही येऊ नको.

पण शब्द मी दिला होता. तिच्या तोंडी मीच घातला. आयपॅडची लालूच दाखवून घातला.

उद्या उजाडताच निघते. वेदांगला सांगितलं तर जाऊ देणार नाही. वाणसामान आणायला जाते म्हणेन. जाते. आज पहिल्यांदा हे तोंडातून निघालं आणि काही वाटलं नाही.

१ जानेवारी, गुरुवार

गडग्याच्या आत बसून लिहितेय. धुकं आहे. हात गार पडलेत.

हाफिजाबाई वाटेत आडव्या आल्या, हात धरून ठेवला. मी सोडवून घेतला. त्या खाली रस्त्यावर बसून काहीतरी म्हणतायत, आवाज इथवर येतोय.

मी जांभ्यासमोर बसले आणि सरळ मराठीत बोलले. बाई, तुमची माणसं येतो म्हणाली आणि आली नाहीत, फार वाईट झालं. ते आले असते, बुडाले म्हणून आले नाहीत. माझी पोर लहान आहे. तिला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. ती म्हणत होती जाते, तेच खरं होतं, मी तिला खोटं म्हणायला लावलं. तिचं येते सोडा. माझं धरा. मी आलेय बघा.

मग गोटे सरकल्याचा आवाज. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पायाशी होता तो दगड जरा लांब गेला होता. आता मावेन.

फोन वाजला. वेदांग. म्हणाला, उठलीय, तिने पास्ता मागितला, इंग्लिशमध्ये, मम्मा कुठाय म्हणून घर डोक्यावर घेतलंय. मागे तिचा आवाज येत होता. रडका, हट्टी, माझा.

सोडलं. सोडलं तिने. देवा.

मी आता उठते आणि गाडीत

१ जानेवारी, दुपार

गाडीची किल्ली हातात आहे. खाली गाडी दिसते. पाय उताराच्या काठाकडे वळतात. इथून किनाऱ्याकडची वाट दिसते. धुकं उठलंय.

जरा बघते नि निघते. कुणी आलं नाही अजून —

२ जानेवारी बहुतेक

हाफिजाबाईंनी खाली आणलं. खोलीत ठेवलंय. त्या मला बेटी म्हणतात आणि रडतात. का रडतात कळत नाही. त्यांची बोली मला कमी कळायला लागलीय.

लिहून ठेवते म्हणजे राहील. मी मुग्धा. नवरा वेदांग. तो निघालाय, वाटेत आहे, संध्याकाळपर्यंत पोचेल. घर खलिफा सिटी, तिसरा मजला, गॅलरी. एक पोर आहे. सात वर्षांची. उंची चौकटीवर लिहिलीय. खायला पास्ता. सायकल निळी. तिच्यासाठी हे केलं मी, ते लख्ख आठवतं —

दुपार झाली की कसंतरी होतं. गलबत लागलं असेल —

नंतर

वेदांगच्या गाडीतून व्हिडिओ कॉल आलाय. केवढी गोड पोर. दात पडलाय पुढचा. मम्मा मम्मा करतेय. मी ओ दिली. नीट बोलले तिच्याशी, बाळ म्हणाले, सोनू म्हणाले.

ती बघत राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, मम्मा, से माय नेम.

सांगते हं. सांगते ना, बाळा. रडू नको. तुझं नाव मी ठेवलं, मीच ठेवलंय ते, बारशाला कानात मी — सांगते — तुझं नाव —